आठव्या नळीतलं शेवाळ

सर,

मला एक शेवाळ सापडलं आहे, आणि ते सापडल्यापासून मी घाबरलेली आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला लिहायला मी बऱ्याचदा बसले, पण पहिल्या दोन ओळींपलीकडे कधी गेले नाही. आता मी सांगलीत एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. केस पिकलेत, गुडघे कुरकुरतात, आणि मुलं तुम्हाला घाबरायची तशी मला मुळीच घाबरत नाहीत. शेवाळांवर काम करणारं आमच्या विभागात दुसरं कुणी नाही. त्यामुळे अशी बातमी आली तरी ती सांगायची कुणाला, हा प्रश्नच असतो. जिचा अर्थ कळेल अशी माणसं लांब, आणि जिचा आनंद झाला असता असा माणूस एकच होता. त्यालाच सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला ताजे नमुने हवे होते म्हणून मी कृष्णाकाठच्या एका गावात गेले होते, सांगलीहून एसटीनं पाऊण तास. तुम्ही आम्हाला या भागात सहलीला आणलं होतंत तेव्हा ऊस डोक्याच्या वर होता. आता तिथली कित्येक रानं पांढरी पडलीत. वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनीतलं मीठ वर आलंय. सकाळच्या उन्हात ढेकळांवर तो थर चमकतो, आणि मधूनच पिवळे पडलेले उसाचे चार खुंट दिसतात. अशाच एका रानाच्या कडेनं पाणी काढायला चर खणलेली होती, आणि चरीच्या ओल्या काठावर हातभर लांबीचा गर्द हिरवा पट्टा पसरलेला होता. मखमलीच्या तुकड्यासारखा. एवढ्या खाऱ्या जागेत एवढं तजेलदार काय आलंय म्हणून मी वाकले, बोट लावलं, आणि बोट जिभेला लावलं.

मागून आवाज आला, "आवं बाई, शेवाळ खाताय का काय?"

ती रानाची मालकीण होती. साठीच्या पुढची, हातात खुरपं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. नवरा वारलाय, मुलगा सैन्यात आहे, शेत एकटी बघते, हे तिनं पुढच्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

"खात नाही मावशी, चव बघितली," मी म्हणाले.

"चव काय बघायची? समदं रान खारं झालंय. हितं लव्हाळा बी धड येत न्हाई."

"हे आलंय की."

"त्ये खरडून न्या समदं. त्येच्यावरनं घसरून मी दोनदा पडलीया."

मी डबाभर खरडून आणलं. कॉलेजात येऊन स्लाइड केली, आणि व्हाउचेरिया आहे हे पहिल्या नजरेत कळलं. मधे एकही भिंत नसलेली लांबच लांब हिरवी नळी. तुम्ही शिकवताना म्हणायचात, ह्या घराला खोल्याच नाहीत, सगळा एकच सोपा. पण तिची जात ओळखायची तर ती फळावर यावी लागते, म्हणजे अंडपेशीची गोल कुपी आणि तिच्या शेजारी नर पेशींचं बारीक शिंग दिसावं लागतं. आपल्याकडे गोड्या पाण्याकाठी सापडणाऱ्या जातींत ते शिंग आकड्यासारखं वळलेलं असतं. माझ्या नमुन्यात ते ताठ होतं, आणि त्याच्या बुडाशी एक रिकामा कप्पा होता. खाडीकाठच्या काही जातींना असा कप्पा असतो, पण त्यांची कुपी अशी नसते, आणि खाडी तर घाटाच्या पलीकडे राहिली. मी सगळी पुस्तकं काढली, जुने लेख मागवले. तीन दिवस शोधत होते आणि ते कुठल्याच वर्णनात बसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला कळलं की हे बहुतेक कुणी पाहिलेलंच नाही. आनंद झाला नाही, सर. तुमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेतली ती पूर्वेची खिडकी आणि तिच्यातल्या नळ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि मी दार उघडून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मी माण तालुक्यातली. आमच्या घरी मेंढरं. वर्षातले आठ महिने आई-वडील मेंढरांमागे, आणि मी आत्याकडे राहून शिकलेली. साताऱ्याला कॉलेजात आले तेव्हा मायक्रोस्कोपात कुठल्या डोळ्यानं बघायचं तेही मला माहीत नव्हतं. तुमच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी चित्र काढते आहे, ते बिघडतंय, मी खोडते आहे, पुन्हा काढते आहे, कागद झिजत चाललाय, आणि तुम्ही माझ्या मागे कधीचे उभे आहात ते मला कळलेलं नाही. तुम्ही माझं खोडरबर उचललंत आणि खिडकीतून बाहेर टाकून दिलंत. रागावलात की तुमची मेढ्याकडची बोली वर यायची. "खोडायचं न्हाई. चुकलं असंल तर ऱ्हाऊ दे तसंच, शेजारी दुसरं काढ. काय चुकलं त्ये उद्या तुलाच बघायचं हाय." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी आठवडाभर तुमच्या समोर यायचं टाळलं.

आणि मग ते गमबूट. तळ्यात उतरायचं म्हणजे मी चपला काढून सरळ उतरायची, आम्हाला सवयच तशी. एकदा तळव्यात काच गेली. पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर काळे गमबूट ठेवलेले. "शिरवळला कारखान्यातल्या लोकांसाठी मिळतात," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बायकांचं माप नव्हतं त्यांच्याकडे." दोन बोटं मोठे होते. पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून मी ते पाच वर्षं वापरले. माझ्या पायाचा असा विचार आधी कुणी केला नव्हता. वडिलांनीही नाही, त्यांच्या स्वतःच्या पायात तरी कुठे काही धड असायचं. हे सांगते आहे कारण पुढचं जे आहे ते मी परक्या माणसाशी केलेलं नाही, हे मला विसरता येत नाही.

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका देवळाच्या कुंडात तुम्हाला ते शेवाळ मिळालं होतं. एकाच पेशीचं, लांबट गोल, आणि चार बाजूंना चार बारीक केस. दोन वर्षं तुम्ही त्याची चित्रं काढत होतात. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि नळ्या राखायचं काम माझ्याकडे होतं. दर पंधरा दिवसांनी ताजं द्रावण करायचं, जुन्या नळीतला थेंब नव्या नळीत टाकायचा, चिठ्ठी लावायची. एकदा तुम्ही परीक्षक म्हणून परगावी गेलेले असताना द्रावणाचं एक रसायन संपलं. नळ्या मरतील आणि सर मला काढून टाकतील या भीतीनं मी कुंडाकाठची माती पाण्यात उकळली, ते पाणी गाळलं, आणि एका नळीत त्यावर थेंब सोडला. नवव्या दिवशी बघते तर पेशी सुट्या नाहीत. चार-चार शेजारीशेजारी चिकटलेल्या, आणि केस फक्त कडेच्या दोघींना. ते सीनेडेस्मस होतं, सर. कुठल्याही डबक्यात मिळणारं, पहिल्या वर्षाचं पोरही ओळखेल असं. मी दुसरी स्लाइड केली, तिसरी केली. म्हणजे एक तर तुमचं नवीन शेवाळ ही त्या साध्या शेवाळाचीच एक अवस्था होती, नाही तर माझ्या नळीत बाहेरून काहीतरी शिरलं होतं. यातलं कुठलं, हे ठरवायची माझी पात्रता नव्हती. तुम्ही ते दोन आठवड्यांत ठरवलं असतंत.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात ते हातात जाड पाकीट घेऊनच. लेख पूर्ण झाला होता. परगावच्या मुक्कामात तुम्ही शेवटचं पान लिहिलं होतंत. "हे रजिस्टर करून ये," तुम्ही म्हणालात, "आणि पावती नीट आण."

मी म्हणाले, "सर, त्या एका नळीत..."

"नळ्यांचं उद्या बघू. पोस्ट बंद होईल."

मी गेले. पोस्टात माझ्यापुढे चार माणसं होती. एकेक माणूस सरकत होता आणि मी मनात म्हणत होते, पुढचा झाला की परत फिरायचं. माझी पीएच.डी.ची नोंदणी तुमच्याकडे व्हायची होती. वडिलांनी वाड्या-वस्त्यांवर सांगून ठेवलं होतं की पोरगी आता डॉक्टर होणार, आणि त्यातला फरक कुणाला समजावत बसले नव्हते. तुम्ही चिडलात तर? नळी मीच बिघडवली म्हणालात तर? खिडकीशी पोचले तेव्हा पाकीट माझ्या हातातून आपोआप पुढे गेलं. पावती घेतली, परत आले, ती नळी बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि ब्रशनं आतून घासून काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही नळ्यांचं विचारलं नाहीत. मी तो विषय काढला नाही.

लेख छापून आला तेव्हा तुम्ही विभागात कंदी पेढे वाटलेत, शिपायाला दोन दिलेत. एका वर्षाच्या आत त्याच मासिकात दोन पानांचं टिपण आलं. दुसऱ्या राज्यातल्या कुणी तुमच्याच कुंडाचं पाणी मागवून, मातीच्या पाण्यात ते शेवाळ वाढवलं होतं, आणि चार-चारच्या ओळींचा फोटो छापला होता. तुम्ही तो अंक घेऊन प्रयोगशाळेत आलात. दार लावलंत. मला बसायला सांगितलंत, आणि स्वतः उभेच राहिलात.

"तुज्या नळ्यांत कवा असं काय दिसलं हुतं का?"

बोली ऐकून मला वाटलं तुम्ही रागावलात. मग मी वर बघितलं. तुम्ही रागावला नव्हता, तुम्ही घाबरला होतात. तोवर मी तुम्हाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून माझं जे होतं नव्हतं ते अवसान गेलं.

"नाही सर," मी म्हणाले.

एवढ्यावर तुम्ही उत्तर लिहिलंत. आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं राखलेल्या नळ्यांमध्ये असा बदल एकदाही दिसला नाही, असं त्यात वाक्य होतं, आणि पुढे माझं नाव, काळजीपूर्वक काम करणारी विद्यार्थिनी म्हणून. ते उत्तर परत आलं. तुम्ही ते दुसरीकडे पाठवलंत, तिथूनही परत आलं. मग एका परिषदेत तुम्ही उभं राहून तेच वाचलंत आणि मागच्या रांगेतले लोक हसले. मी त्यांच्या पुढच्याच रांगेत बसले होते. वर्णनं चुकतात, सर, अशा किती जाती आल्या आणि गेल्या, त्याचं कुणी मनावर घेत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी हो म्हणाला असतात तर चार महिन्यांत लोक विसरले असते. माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही भांडत राहिलात, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते भांडण. त्यानंतर नवीन म्हणून तुम्ही कशाचंच वर्णन केलं नाहीत. माझी पीएच.डी. मात्र तुम्ही नीट पूर्ण करून घेतलीत, एकेक चित्र तपासून.

म्हणून माझ्या या शेवाळाची भीती. ताठ शिंग ही मिठाची करणी असेल तर? गोड्या पाण्यात वाढवलं की शिंग वळेल, कप्पा नाहीसा होईल, आणि आपली रोजची ओळखीची जात समोर येईल. हे तपासायचं कसं ते मला चांगलं माहीत होतं. आठ नळ्या मांडल्या. पहिलीत चरीचं पाणी जसंच्या तसं, पुढच्या प्रत्येकीत मीठ थोडं थोडं कमी, आणि आठवीत निव्वळ गोडं पाणी. फळावर यायला तीन-चार आठवडे लागतात. दरम्यान पुण्याला पाठवलेल्या नमुन्याचा डीएनए अहवाल आला. ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नाही, पण फरक थोडा आहे, एवढ्यावरून ठाम सांगता येणार नाही. म्हणजे सगळं त्या शिंगावर येऊन थांबलं. मी रोज सकाळी प्रयोगशाळा उघडायची, नळ्यांवरून नजर फिरवून हिरव्या आहेत एवढं बघायची, आणि मायक्रोस्कोपाकडे पाठ करून तासाला जायची.

आणखी नमुना हवा म्हणून मी पुन्हा त्या रानात गेले. मावशी बांधावर बसली होती, खुशीत होती.

"बरं झालं आलात. पुढल्या आठवड्यात जेशीबी येनार. रानाखालनं पाईप टाकायचं ठरलंय, मीठ निघून जाईल म्हनत्यात. ही चर बुजवायची."

माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडं थांबता येईल का?"

"का वो?"

मी सांगितलं. हे शेवाळ दुसरीकडे कुठे कुणाला सापडल्याची नोंद नाही, बहुतेक जगात इथेच आहे. मला वाटलं तिला नवल वाटेल. तिचा चेहरा उतरला.

"मंजी आता सरकार हितं तार मारनार? पोरगं तिकडं सरहद्दीवर, मी हितं एकटी. धा वर्सं झाली ह्या रानात पीक न्हाई घेतलं." ती उठून उभी राहिली आणि तिनं चक्क माझ्यापुढे हात जोडले. "मी कुनाला बोलली न्हाई तुमी खरडून न्हेताय त्ये. तुमी बी कुनाला सांगू नगा."

माझी भीती मी उचलून तिच्या ओच्यात टाकली होती. मला इतकी लाज वाटली. "मावशी, कुणी येणार नाही," मी म्हणाले. "तुमचं रान आहे. तुम्ही पाईप टाका."

मी खरं बोलते आहे का ते तिनं माझ्या चेहऱ्यावर बघून घेतलं. मग पायानं चरीकडे दाखवून म्हणाली, "मग ह्येचं वो?"

"माझ्याकडे काचेच्या नळ्यांत आहे."

"नळीत जगतंय व्हय?"

"आत्तापर्यंत तरी जगतंय."

"मग आनि घ्या थोडं," म्हणत ती स्वतःच चरीत उतरली, आणि खुरप्यानं मातीसकट मोठी वडी कापून तिनं माझ्या डब्यात ठेवली.

पंधरा दिवसांनी गेले तर चर कुठे होती तेही ओळखू येत नव्हतं. रानाखालचं पाणी जिथे ओढ्याला पडतं तिथला काठ मी गुडघ्यांवर बसून तपासला. काही नव्हतं. म्हणजे ते आता जिवंत फक्त माझ्या नळ्यांत, आणि थोडं पुण्याला पाठवलेलं, तेही तिथे रुजलं की नाही कळलेलं नव्हतं. सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी लाइट गेली की प्रयोगशाळेतला एसी बंद पडतो. मी वर्गात असले तर मुलांना काहीतरी लिहायला सांगून धावत जाते, नळ्यांभोवती ओली फडकी गुंडाळते. सुट्टीच्या दिवशीही रिक्षा करून जाते. सहकारी हसतात. मला त्यांचं हसू दिसतं, पण थांबता येत नाही.

शेवटी एका दुपारी बसले. पहिली नळी, शिंग ताठ. दुसरीपासून सहावीपर्यंत, ताठ. सातवीत काही शिंगं जराशी कलली होती, पण बुडाचा कप्पा होता तसाच. आठवीत फळंच नव्हती. एक स्लाइड, दुसरी स्लाइड, नुसतेच हिरवे धागे. तिसरीत, अगदी कडेला, एकच फळ. त्याचं शिंग आकड्यासारखं वळलेलं होतं, आणि मला कप्पा दिसला नाही.

बाहेर मैदानावर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. प्रयोगशाळेत मी एकटी. मी आठवी नळी उचलली आणि बेसिनपाशी गेले. नळ सोडला. सात नळ्यांवर लेख उभा राहत होता, याहून कमीवर लोक लिहितात. आठ मांडल्या होत्या हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बेसिनखालची बादली भरून पाणी वाहायला लागलं, माझ्या चपला भिजल्या, तेव्हा मी नळ बंद केला. नळी ओतली नाही. पण ते मी सुधारले म्हणून, असं समजू नका. दोन वर्षांनी कुणीतरी दोन पानांचं टिपण छापेल, त्यात हाच फोटो असेल, या भीतीनं माझा हात थांबला. स्टँडला नळी परत लावली, बसले, आणि ते एकुलतं एक वळलेलं शिंग शाईनं काढलं. ते चित्र लेखात घातलं.

लेख पाठवण्याआधी मी साताऱ्याला तुमच्या घरी, काकूंकडे गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. तुम्हाला नाही तर निदान त्यांना. काकू आता फार थकल्यात, पण स्वयंपाकघर सोडत नाहीत. मला पाटावर बसवलं, घेवड्याची उसळ आणि भाकरी वाढली, आणि समोर गुडघा धरून बसल्या. मी विषय काढायच्या आत त्याच म्हणाल्या, "ह्ये शेवटपतूर म्हनायचे बघ. दुखन्यात बी म्हनायचे. जगानं काय बी म्हनूदे, माझ्या नळ्या नीट हुत्या. पोरीनं जिवापाड राखल्या हुत्या." आणि हसून माझ्या ताटात आणखी उसळ वाढली. माझ्या हातात घास होता. मी तो तोंडात घातला, चावला, गिळला, आणि म्हणाले, "काकू, भाकरी छान झालीय." निघताना त्यांनी पिशवीत घेवडा बांधून दिला. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी सांगलीपर्यंत आले.

मासिकाकडून उत्तर आलं. आठव्या नळीचा प्रयोग पुन्हा करा, मग बघू. मी तीनदा केला. दोन वेळा फळ आलंच नाही, तिसऱ्यांदा आली ती सगळी ताठ शिंगाची. मग ते एक वळलेलं शिंग कशाचं? माझ्याच शेवाळाचं, की चुकून शिरलेल्या दुसऱ्या कशाचं? मला माहीत नाही, आणि लेखात मी तेच लिहिलं, की एका फळात फरक दिसला, त्याचं कारण कळलेलं नाही. त्यांनी लेख स्वीकारला. पुढच्या अंकात येईल. मी अजून कुणाला पेढे दिलेले नाहीत. मावशीला फोन करून सांगितलं, तर तिनं आधी तीनदा विचारून घेतलं की त्यात तिच्या गट नंबराचा उल्लेख नाही ना. पाइपातनं खारं पाणी निघतंय म्हणाली, औंदा थोडा ऊस लावून बघणार आहे.

राहिलं नाव. नव्या जातीला नाव द्यावं लागतं, आणि विभागातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, तुमच्या सरांचं द्या. मी एका कागदावर लिहून पाहिलं. तुमचं आडनाव, लॅटिनची शेपटी लावलेलं, व्हाउचेरियाच्या पुढे. किती वेळ बघत बसले. मग कागद फाडला आणि त्या मिठावरून नाव दिलं. सहकाऱ्यांना मी कारण सांगितलं, की ही जात उद्या कुणी खोटी ठरवली तर सरांचं नाव दुसऱ्यांदा बुडेल, ती जोखीम मला नको. त्यांना ते पटलं. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ते कारण खोटं नाही सर, पण खरं कारण तेवढंच नाही. कुणाचं नाव दिलं तर खाली दोन ओळी लिहायची रीत आहे, ते कोण होते आणि त्यांचं नाव का दिलं. मी लिहायला बसले होते. "ज्यांनी मला" एवढं लिहिलं, आणि पुढची ओळ तुमच्याविषयी खरी लिहायची म्हटली तर त्या पोस्टापासून सुरुवात करावी लागत होती. ती मला लिहिता आली नाही.